लखोटा, पुरवणी आणि पडदा : खासगी मजकूर जपण्याची मराठी रीत



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांच्या अध्यापनाचा विषय भाषा हा होता आणि माझाही तोच. म्हणूनच संयोजकांनी जेव्हा ‘संगणकाचा पडदा दुसऱ्यास दाखवताना आपली खासगी माहिती कशी जपावी’ हा विषय सुचवला, तेव्हा प्रथम मी थोडा बिचकलो. विषय तंत्रज्ञाचा, मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने त्यात काय भर घालावी? परंतु दोन-चार दिवस विचार केल्यावर असे लक्षात आले की, यंत्र नवे असले तरी प्रश्न नवा नाही. एकच कागद अनेकांच्या नजरेखालून जाणार असेल, तर त्यातील कोणता भाग कोणी वाचावा आणि कोणता वाचू नये, हा तो प्रश्न. आपल्या पत्रलेखकांनी, चिटणिसांनी, सावकारांनी आणि कार्ड लिहिणाऱ्या साध्या माणसांनीही तो कित्येक पिढ्या सोडवत आणला आहे. तेव्हा प्रस्तुत व्याख्यान इतिहासाच्या अंगाने करावे, असे मी ठरवले. तंत्राचे दोन शब्द ओघात येतील तेवढे येतील.

आरंभी दोन शब्दांविषयी. आपण ज्याला ‘खासगी’ म्हणतो तो शब्द अरबी ‘खास’ यावरून फारसीच्या वाटेने मराठीत आला. आज त्याचा अर्थ ‘ज्याचा त्याचा, इतरांनी ज्यात डोकावू नये असा’ एवढाच उरला आहे. मराठेशाहीत मात्र ‘खासगी’ हे कारभाराचे एक स्वतंत्र अंग होते. राज्याचा पैसा निराळा आणि घरचा पैसा निराळा, हा त्यामागचा विचार. याचे ठळक उदाहरण आपल्याच प्रांतातले आहे. १७३४ मध्ये मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगी जहागीर लावून देण्यात आली. पुढे ती अहिल्याबाईंकडे आली, आणि देशभरातील घाट, विहिरी, धर्मशाळा यांवरचा त्यांचा खर्च या खासगीतून झाला. होळकरांच्या कागदपत्रांत ‘दौलत’ आणि ‘खासगी’ हे दोन हिशेब वेगळे चालत. अठराव्या शतकात एका स्त्रीचे धन राज्याच्या हिशेबापासून अलग राखले गेले आणि त्या अलगपणालाच ‘खासगी’ हे नाव मिळाले, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. तिच्याकडे मला पुढे पुन्हा वळावे लागणार आहे.

दुसरा शब्द ‘पडदा’. हाही फारसीतून आलेला. मूळ अर्थ झाकणारे वस्त्र. पडदानशीन, पडद्याआड, पडदा टाकणे हे आपले सारे प्रयोग लपवण्याचे आहेत. नाटक आले, मग चित्रपट आला, आणि ज्या कापडाने झाकायचे त्याच कापडावर चित्र दिसू लागले. ‘रुपेरी पडदा’ म्हणताना आपल्याला त्यात काही विसंगती जाणवत नाही. संगणकाच्या काचेलाही आपण पडदाच म्हणू लागलो. झाकण्याचा शब्द दाखवण्याच्या वस्तूला चिकटला खरा, पण झाकण्याचे काम मात्र त्या वस्तूला कोणी शिकवले नाही. आजच्या विषयातील निम्मी अडचण या एका वाक्यात आहे असे म्हणता येईल.

आता मूळ विषयाकडे येऊ. शिवकालीन वा पेशवेकालीन पत्र ही आजच्यासारखी एका माणसाने लिहून दुसऱ्या माणसाने एकांतात वाचायची वस्तू नव्हती. सांगणारा वेगळा, लिहिणारा वेगळा; नेणारा जासूद किंवा कासीद वेगळा; पोचल्यावर वाचून दाखवणारा कारकून वेगळा; आणि पुष्कळदा ते दरबारात, चार माणसांच्या देखत वाचले जाई. म्हणजे पत्र हे जवळजवळ सामाईक पडद्यासारखेच होते. आपण लिहिलेले कोणाकोणाच्या कानी पडेल याचा भरवसा लिहिणाऱ्याला नसे.

यावर त्या लोकांनी काय उपाय केले? काही उपाय कागदाच्या सुरक्षिततेचे होते. लांब पत्र म्हणजे कागदाचे अनेक बंद एकाखाली एक चिकटवून केलेली गुंडाळी. मधला एखादा बंद काढून दुसरा घुसडता येऊ नये म्हणून जोडावर पाठीमागून शिक्का मारीत. मजकूर संपला की लगेच मोर्तब होई, म्हणजे खाली कोणी ओळ वाढवू शकत नसे. ‘शिक्कामोर्तब झाले’ असे आपण आज कोणत्याही ठरावाविषयी सहज म्हणतो. त्याचे मूळ या दक्षतेत आहे. पत्र मग लखोट्यात बंद होई, आणि मोठ्या माणसाचे असेल तर थैलीत घालून खलिता म्हणून रवाना होई.

पण मला अधिक मोलाचा वाटतो तो दुसरा उपाय, मजकुराच्या विभागणीचा. मुख्य पत्रात क्षेमकुशल, मानपान, आणि चारचौघांत वाचला तरी बिघडणार नाही असा मजकूर. नाजूक गोष्ट असेल तर ती ‘पुरवणी’त, म्हणजे सोबतच्या वेगळ्या चिठ्ठीत, किंवा ‘अलाहिदा’ म्हणून स्वतंत्र पत्रात. त्याहूनही नाजूक असेल तर ती कागदावर यायचीच नाही. पत्र नेणाऱ्या विश्वासू माणसाच्या मुखी ती असे, आणि पत्रात एवढेच लिहिले जाई की बाकीचे हा समक्ष सांगेल. ऐतिहासिक पत्रे प्रथम वाचणाऱ्या विद्यार्थ्याची येथे फार निराशा होते. ऐन मोक्याच्या जागी पत्र थांबते, आणि जे आपल्याला हवे ते त्या मुखवचनाबरोबर कायमचे गेलेले असते. संशोधकाला याचा राग येतो. परंतु लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर ती व्यवस्था यशस्वी झाली असेच म्हटले पाहिजे. अडीचशे वर्षांनीसुद्धा आपल्याला कळले नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. मोडी ही गुप्तलिपी होती, असे हल्ली अनेकजण समजतात. ती तशी नव्हती. मोडी ही घाईची, हात न उचलता लिहायची कामकाजाची लिपी होती, आणि साधा पटवारीसुद्धा ती वाचीत असे. आज ती आपल्याला वाचता येत नाही हा आपला दोष. त्याचे श्रेय पूर्वजांच्या हिकमतीला देण्याचे कारण नाही. खरे गुप्त संकेत वेगळे होते. बोटांच्या खुणांनी बोलायची करपल्लवी आणि डोळ्यांच्या खुणांनी बोलायची नेत्रपल्लवी हे शब्द अजून आपल्या कोशांत आहेत.

सांकेतिक लेखनाचे जे उदाहरण मराठी माणसाच्या मनावर कायमचे कोरले गेले आहे, ते पानिपतचे. १४ जानेवारी १७६१ रोजी रणांगणावर काय घडले, हे नानासाहेब पेशव्यांना पहिल्यांदा कळले ते कोणा सरदाराच्या पत्रातून नव्हे. ते उत्तरेकडे निघाले असता माळव्याच्या वाटेवर सावकारी पेढीचा एक जासूद सापडला. त्याच्याजवळचे पत्र उघडले, तर त्यात पेढीच्या भाषेत मोती, मोहरा आणि चिल्लर नाणी गमावल्याचा हिशेब होता. दोन मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे मोठे सरदार, आणि गणती नसलेली रुपये-तांब्याची नाणी म्हणजे सामान्य माणसे, हे पेशव्यांनी ओळखले.

ही कथा आपण नेहमी शोकाची म्हणून सांगतो. मी आज तिच्याकडे वेगळ्या कारणासाठी लक्ष वेधतो. सावकाराने संकेत वापरला तो वाटेत पत्र उघडले जाईल या भीतीने. आणि पत्र उघडलेही गेले. परंतु उघडणारा इतका जवळचा होता की संकेताचा अर्थ त्याला क्षणात लागला. संकेत परक्यापासून वाचवतो. ज्याला आपले घर ठाऊक आहे त्याच्यापासून तो वाचवीत नाही. आज आपण संगणकाला परवलीचा शब्द म्हणून मुलाचे नाव आणि जन्मसाल देतो, तेव्हा नेमके हेच विसरतो.

आपण जेथे बसलो आहोत तो वैनगंगेच्या खोऱ्याचा प्रदेश त्या काळी नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. बालाघाट जिल्हा नंतरचा; तो १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून झाला. भोसल्यांच्या राज्याचा शेवटचा अध्याय पाहिला तर त्यातही पत्रांचा मोठा हात आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली. अप्पासाहेब भोसल्यांना तहाने पुन्हा गादीवर बसवण्यात आले. पण मार्च १८१८ मध्ये रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने त्यांना अटक केली. त्यांच्यावरील आरोपांत दुसऱ्या बाजीरावाशी गुप्त संधान राखल्याचा आरोप प्रमुख होता. प्रयागकडे नेत असता मे महिन्यात अप्पासाहेब पहाऱ्यातून निसटले, हे आपणांस ठाऊकच आहे. राजवाड्यात कोण आले, कोणाचे पत्र आले, याच्या बातम्या कंपनीच्या रेसिडेन्सीत नियमित पोचत. ‘पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्स’ या मालिकेत नागपूरच्या कारभाराला एक अखंड खंड द्यावा लागला, इतका तो पत्रव्यवहार मोठा आहे. ज्याच्या हाती दुसऱ्याची पत्रे गेली त्याच्या हाती राज्य गेले, असे सरसकट विधान मी करणार नाही; तोफा आणि पैसा यांचाही त्यात वाटा होता. पण पत्रांचा वाटा आपण कमी धरतो एवढे मात्र खरे.

राजेरजवाड्यांची गोष्ट येथवर पुरे. सामान्य माणसाच्या हाती पत्र आले ते टपालामुळे. हिंदुस्थानात पोस्टकार्ड सुरू झाले १ जुलै १८७९ रोजी. किंमत पाव आणा. त्याआधी दहा वर्षे, १८६९ मध्ये, ऑस्ट्रिया-हंगेरीत ते प्रथम निघाले होते, आणि नोकरचाकर आपला मजकूर वाचतील अशी तक्रार युरोपातील सभ्य मंडळींनी लगोलग केली होती. आपल्याकडे तक्रार फारशी झाली नाही. आपल्याकडे रीत तयार झाली. मला ही गोष्ट फार विलोभनीय वाटते. उघडे कार्ड पोस्टमास्तर वाचणार, डाकवाला वाचणार, ज्या दुकानात ते दोन दिवस पडून राहील तेथील गिऱ्हाइके वाचणार, हे गृहीत धरूनच आपल्या लोकांनी कार्डाची एक भाषा घडवली. ‘बाकी समक्ष भेटीत’, ‘तिकडील मजकूर समजला’, ‘मागे बोलल्याप्रमाणे करावे’. या वाक्यांत माहिती काहीच नाही, आणि ज्याला कळायचे त्याला सर्व कळते. मृत्यूच्या वार्तेचे कार्ड कोपरा फाडून पाठवीत. वाचता न येणाऱ्यालाही ते हाती येताच कळे, आणि कोणा परक्याच्या तोंडून प्रथम ऐकण्याची वेळ त्याच्यावर येत नसे. लग्नाची बोलणी, देण्याघेण्याचे आकडे, सुनेची कागाळी, हे मात्र पाकिटात. कोणता मजकूर कार्डाचा आणि कोणता पाकिटाचा, हे न शिकवता घराघरांत माहीत होते.

आणि वाचणारा? आमच्या लहानपणी, म्हणजे १९६० च्या आसपास, गावात ज्या पोराला वाचता येई त्याला शेजारच्या म्हाताऱ्या हाक मारीत. मीही अशी पुष्कळ पत्रे वाचून दाखवली आहेत. एका बाईंचा मुलगा भिलाईला कामावर होता. त्याचे पत्र आले की त्या ओसरीवर बसून वाचायला लावीत, सुनेसमक्ष. एकदा पत्रात मधेच एक परिच्छेद असा आला की तो फक्त आईसाठी होता. मी थांबलो. म्हातारीने माझ्याकडे पाहिले, सुनेला पाणी आणायला विहिरीवर धाडले, आणि म्हणाली, ‘आता वाच रे बापू.’ पत्र तेच, वाचणारा तोच. ऐकणारी एक व्यक्ती उठवली आणि पुरवणी आपोआप निराळी झाली. पेशव्यांच्या चिटणिसाने याहून वेगळे काय केले असते? गुरुजींविषयी त्यांचे जुने विद्यार्थी सांगतात की तेही लोकांची पत्रे वाचून देत, आणि शाळेत येताना त्यातील अक्षरही सोबत आणीत नसत. शिक्षकाच्या गुणांत या गुणाची नोंद कोठे होत नाही. व्हायला हवी होती.

झाकणे नेहमीच सत्पक्षाचे असते, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. आपल्या भागातील गुरांच्या आणि धान्याच्या बाजारात जुन्या पिढीने रुमालाखालचा सौदा पाहिला आहे. दलाल आणि गिऱ्हाईक एका कापडाखाली हात घालून बोटे दाबून भाव ठरवीत. याला हत्ता म्हणत. भाव इतरांना कळू नये हा हेतू. पण ज्याचा माल त्या शेतकऱ्यालाही तो कळत नसे, आणि नाडला जाई तो तोच. म्हणूनच वऱ्हाडात १८९७ मध्ये कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला तेव्हापासून पुढे बाजार उघड्या बोलीचे करण्याकडे कल राहिला, आणि नियंत्रित बाजारांत हत्त्याला बंदी आली. तात्पर्य, रुमाल कोणाच्या हातात आहे हे आधी पाहावे लागते. कचेरीने आपला निर्णय रुमालाखाली घ्यावा आणि नागरिकाचा आधार क्रमांक मात्र फलकावर लावावा, हा उलटा न्याय आहे. आणि तो पाहायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही.

कायद्याचा इतिहास मी थोडक्यात सांगतो. टपाल उघडून पाहण्याचा अधिकार सरकारने १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्यात आपल्याकडे ठेवला होता, आणि तारेसंबंधी तसाच अधिकार १८८५ च्या कायद्यात होता. स्वातंत्र्यानंतरही ही कलमे राहिली. १९८६ मध्ये तर टपाल उघडण्याचा अधिकार आणखी वाढवणारे विधेयक संसदेच्या दोन्ही सभागृहांत संमत झाले. राष्ट्रपती ज्ञानी झैलसिंग यांनी त्यावर सहीही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. ते तसेच पडून राहिले आणि कायदा झाले नाही. न्यायालयांची वाट मात्र हळूहळू दुसऱ्या दिशेने चालली होती. खडकसिंग प्रकरणात १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांची रात्रीअपरात्रीची घरभेट अवैध ठरवली, पण खासगीपणाचा हक्क असा मान्य केला नाही. १९७५ चे गोविंद विरुद्ध मध्यप्रदेश राज्य हे प्रकरण आपल्याच राज्यातले. पाळतीसंबंधीच्या मध्यप्रदेश पोलिस नियमांना त्यात आव्हान होते. न्यायालयाने नियम रद्द केले नाहीत, परंतु त्यांचा वापर मर्यादेत असावा असे बजावले आणि खासगीपणाला घटनेत जागा असू शकते हे प्रथमच गांभीर्याने मान्य केले. १९९६ मध्ये दूरध्वनी चोरून ऐकण्यावर बंधने आली. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने निर्णय दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी नवा पोस्ट ऑफिस कायदाही. त्यातही टपाल अडवण्याचे कलम आहेच. इतिहास सरळ रेषेत चालत नाही, याचे याहून चांगले उदाहरण वर्गात द्यायला मला मिळाले नसते.

आता पडद्याकडे. आपला पडदा दूरच्या माणसाला दाखवण्याचा प्रयोग प्रथम जाहीरपणे केला तो डग्लस एंगेलबार्ट या अमेरिकन संशोधकाने, ९ डिसेंबर १९६८ रोजी सान फ्रान्सिस्को येथे. सभागृहात सुमारे हजार तंत्रज्ञ बसले होते. एंगेलबार्टने मेन्लो पार्क येथील प्रयोगशाळेत बसलेल्या सहकाऱ्याशी एकाच पडद्यावर, एकाच मजकुरावर काम करून दाखवले. आजचा माऊसही त्या दिवशी लोकांनी प्रथम पाहिला. त्या प्रयोगात काय लपवावे हा प्रश्नच नव्हता, कारण त्या यंत्रात लपवण्याजोगे कोणाचे काही नव्हते. त्यात नव्हती कोणाची बँक, नव्हते कोणाच्या आजाराचे कागद, नव्हती मुलीची छायाचित्रे. यंत्राची रचना त्या निरागस काळातली आहे, आणि आपण तिच्यात सगळे घर नेऊन ठेवले.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि हा प्रयोग रातोरात खेड्यापाड्यांतील शाळांत पोचला. शिक्षक धडा दाखवायला पडदा उघडत आणि त्याबरोबर वर एखादा निरोप झळके: कर्जाच्या हप्त्याचा, घरच्या भांडणाचा, दवाखान्याचा. शोधाच्या चौकटीत एक अक्षर लिहिले की यंत्र आधी शोधलेले सारे शब्द मदतीला म्हणून पुढे करी. चाळीस मुले आणि त्यांचे पालक पाहत असत. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने दूरसभांविषयी जी सूचनापत्रिका काढली, तीत पडदा दाखवण्याचा अधिकार फक्त यजमानाकडे ठेवावा असे एक कलम होते. ते योग्यच होते. पण यजमानाने स्वतःचा पडदा कसा आवरावा हा भाग त्यात राहिलाच.

तो भाग आपल्या जुन्या रीतीने समजावून घेतला तर अवघड नाही. बहुतेक यंत्रांत पडदा दाखवताना दोन पर्याय येतात: संपूर्ण पडदा, किंवा त्यातील एकच खिडकी. संपूर्ण पडदा दाखवणे म्हणजे सारा बस्ता दरबारात सोडणे. एक खिडकी दाखवणे म्हणजे मुख्य पत्र वाचणे आणि पुरवणी खिशात ठेवणे. दाखवण्यापूर्वी निरोपांची घंटा बंद करावी, म्हणजे मध्येच कासीद येऊन मोठ्याने बोलणार नाही. दाखवायचा कागद आधीच उघडून ठेवावा. चारचौघांदेखत कपाट उघडून शोधत बसू नये, कारण कागदांची नावेसुद्धा बोलतात. आणि काम झाले की पडदा मिटला ना, याची खात्री करावी. सभा संपली असे समजून बोललेली वाक्ये अनेकांना महागात पडली आहेत.

याहून गंभीर प्रकार निराळा आहे. येथे पडदा आपण दाखवत नाही. तो आपल्याकडून काढून घेतला जातो. बँकेतून बोलतो असे सांगून कोणी एखादे साधन मोबाइलमध्ये घालायला लावतो, एक क्रमांक विचारतो, आणि मग आपला पडदा त्याला दिसू लागतो. आलेला ओटीपी आपण त्याला सांगत नाही, पण तो वाचत असतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा दूरनियंत्रण साधनांविषयी बँकांना सावध केले होते, आणि मार्च २०२२ मध्ये फसवणुकीच्या पद्धतींवरील पुस्तिकेत सामान्य ग्राहकांसाठीही हा प्रकार सांगितला. ‘डिजिटल अटक’ नावाचा प्रकार आला तेव्हा ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना आकाशवाणीवरून त्याबद्दल बोलावे लागले. अशी अटक कायद्यात नाहीच. पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवायचे असते, कारण पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. माझे वय झालेल्या श्रोत्यांनी एवढे एक लक्षात ठेवावे: ‘मुखवचनी’ निरोप आणणाऱ्याची ओळख पटल्याशिवाय जुने लोक त्याचे ऐकून घेत नसत.

तथापि आपल्या भागाचा विचार करता मला सर्वांत अस्वस्थ करते ती गोष्ट ठगांची नाही. ती ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रातील रांगेची आहे. ज्याच्याजवळ संगणक नाही, ज्याला अर्जाची हिंदी वाचता येते पण इंग्रजी येत नाही, घरी पोवारी वा मराठी बोलणारी जी म्हातारी आहे, तिचा पडदा दुसऱ्याच्या टेबलावर असतो. २०२३ मध्ये मध्यप्रदेशात लाडली बहना योजना सुरू झाली. जूनमध्ये पहिला हजार रुपयांचा हप्ता बायकांच्या स्वतःच्या खात्यांत जमा झाला. त्यासाठी समग्र आणि आधार यांची जुळणी करावी लागे. बाईने बारा आकडे मोठ्याने सांगायचे, मागून दहाजणांनी ऐकायचे. ओटीपी आला की मोबाइल सरळ दुसऱ्याच्या हाती द्यायचा. खात्यात किती जमा आहे ते पडद्यावर, रांगेकडे तोंड करून. त्या रांगेत तिचा दीर असतो, सावकार असतो, दारूच्या पैशासाठी टपलेला नवरा असतो. गौतमाबाईंची खासगी दौलतीपासून वेगळी राखली गेली होती. या बाईचे हप्त्याचे पैसे तिच्या नावावर आहेत, पण ते वेगळे राखायला तिच्याजवळ एक हातभर आडोसासुद्धा नाही.

उपाय खर्चाचे नाहीत. टेबल फिरवून पडद्याची पाठ रांगेकडे करता येते. आकडे तोंडी न घेता चिठ्ठीवर घेऊन चिठ्ठी परत देता येते. पहिले आठ अंक झाकलेली आधारची प्रत सरकारच उपलब्ध करून देते. जेथे पूर्ण क्रमांकाची गरज नाही तेथे ती चालते. सामाईक संगणकावरून उठताना आपले खाते बंद केले की नाही हे विचारायला पाच सेकंद लागतात. या शाळेतील वरच्या वर्गांतील मुलामुलींनी आठवड्यातून एक दुपार अशा केंद्राजवळ बसून म्हाताऱ्या माणसांचे अर्ज वाचून द्यावेत, असे मला सुचवावेसे वाटते. पूर्वी पत्रे वाचून देणारी पोरे होतीच. काम तेच आहे.

जाता जाता माझ्या स्वतःच्या विषयातली एक विनंती. या परिसरातील जुन्या घरांतून मोडी कागद अजून पेट्यांत आहेत: मालगुजारीचे, कर्जरोख्यांचे, दत्तकपत्रांचे, जातपंचायतीच्या निवाड्यांचे. शाळेने त्यांची छायाचित्रे घेऊन ती मोठ्या पडद्यावर दाखवण्याचे मनावर घेतले आहे असे मला समजले. उपक्रम स्तुत्य आहे. मात्र वाचल्याशिवाय कोणताही कागद पडद्यावर चढवू नये. शंभर वर्षांपूर्वी कोणी कोणाचे किती देणे बुडवले, कोणत्या मुलीचे लग्न का मोडले, हे त्या कागदांत असते, आणि ती आडनावे आजच्या हजेरीपटावरही असतात. मोडी जाणणाऱ्याकडून आधी कागद वाचून घ्यावा, कुटुंबाला दाखवावा, मग त्यांनी सांगितले तेवढाच भाग पुढे न्यावा. जे माजी विद्यार्थी कागद देऊ इच्छितात त्यांनी घरगुती मजकुराचे कागद वेगळ्या पाकिटात घालून, पाकिटावर आपले नाव व गाव लिहून, मुख्याध्यापकांच्या हाती द्यावेत, म्हणजे वाचून झाल्यावर ते ज्याचे त्याला परत करता येतील.